लाल पाण्याचा बंदोबस्त

दातांच्या दवाखान्यासमोरून लाल पाणी वाहू नये, एवढी समज कोणालाही असते. मलाही होती. मला माहीत नव्हतं ते इतकंच, की आमच्या मागच्या बाल्कनीतलं पाणी खाली उतरून नेमकं तिथूनच वाहतं. माणूस अर्धं आयुष्य एका घरात काढतो, पण आपली मोरी पुढे कुठे जाते याची चौकशी करत नाही. पाणी गेलं म्हणजे गेलं, अशी माझी भाबडी समजूत होती.

ती मोडून काढायला तळमजल्यावरचे दंतवैद्य स्वतः जिना चढून आले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी भांडता तरी येतं. पण डॉक्टर मुळात सौम्य. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून असल्यामुळे समोरच्याने उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षाच नसते. खुर्चीच्या कडेवर टेकून त्यांनी सांगितलं की सकाळी एक गृहस्थ दाढ दाखवायला आले, पायरीशी थबकले, शेजारच्या उघड्या गटाराकडे त्यांनी पाहिलं, आत कोण आहे असं कंपाउंडरला विचारलं आणि दुखऱ्या गालावर हात ठेवून आल्या पावली परत गेले. त्यांच्यामागून आलेल्या बाई पायरीवरच बसल्या. त्यांना प्यायला पाणी द्यावं लागलं.

"मी रागावलेलो नाही," डॉक्टर म्हणाले. "पण माझा धंदा विश्वासाचा आहे हो. पेशंट तोंड उघडायच्या आधी खाली बघतो."

ते गेल्यावर मी बायकोकडे बघितलं. ती बाल्कनीच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, मागे चुलीएवढ्या मोठ्या शेगडीवर पातेलं उकळतंय. कापड रंगवायचं हे काम तिने रुमालांपासून सुरू केलं होतं. मग अभ्रे झाले, मग चादरी, आणि आता गावातल्या नाट्यमंडळाने तिच्याकडे चक्क रंगमंचाचा दर्शनी पडदा दिला होता. किरमिजी. एकेक पट्टा घरी रंगवायचा आणि मग शिंप्याने सगळे जोडायचे. ज्या दिवशी ते काम मिळालं त्या दिवशी ती जेवताना मधेच हसत होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी सांगितलेल्या कुठल्याही विनोदाने हा परिणाम साधलेला नव्हता.

"बंद करते मग," ती म्हणाली.

एवढंच. आदळआपट नाही, डोळ्यात पाणी नाही. तिने शेगडी विझवली. ते तीन शब्द ऐकले आणि मी जे बोलू नये ते बोलून गेलो. म्हटलं, थांब, याचा बंदोबस्त मी करतो.

इथे माझ्या व्यवसायाचा खुलासा करणं भाग आहे. मी पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासतो. त्यामुळे जगातल्या यच्चयावत विषयांचं मला ज्ञान आहे, पण ते ऱ्हस्वदीर्घापुरतं. ज्वालामुखी, पचनसंस्था, व्याजाचे प्रकार, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. आणि नुकताच एक धडा गेला होता, ‘शेतातील टाकाऊ पदार्थ व जलशुद्धी’. शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं, भाताचा तूस असल्या फुकटच्या वस्तू रंगीत सांडपाण्यात टाकल्या की पाण्यातला रंग त्यांच्या अंगाला चिकटतो आणि पाणी नितळ होतं. याला अधिशोषण म्हणतात. मूळ प्रतीत ‘अवशोषण’ होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं होतं, आणि त्यावरून लेखकाशी माझा बराच पत्रव्यवहारही झाला होता. तेव्हा या विषयातला माझा अधिकार कमी नव्हता.

"तुम्ही धडा वाचलात की तपासलात?" बायकोने विचारलं.

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. पुढे जे जे झालं ते या दुर्लक्षातून झालं, असं आता वाटतं.

टरफलांसाठी मेहुण्याला फोन केला. त्याच्या ओळखीचा एक तेलगिरणीवाला होता. पोतंभर टरफलं हवीत, असं मी स्पष्ट सांगितलं. पण गिरणीवाल्याच्या आवारात टरफलांचा डोंगर साचला होता आणि कोणी मागतंय म्हटल्यावर त्याचा आनंद गगनात मावेना. संध्याकाळी दारात टेम्पो उभा राहिला. मेहुणा पुढे बसून आलेला. "भाऊजी, नाही म्हणवेना हो त्याला," तो म्हणाला. "पुन्हा पुन्हा कशाला मागायचं, एकदाच घेऊन टाका." आणि पोती उतरवून झाल्यावर, चहा न घेता, त्याच टेम्पोत बसून गेला. हा मेहुणा चहा न घेता गेला, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

पोती बाल्कनीत मावली नाहीत. मग बैठकीत ठेवली. मग पलंगाखाली, मग जिन्याच्या वळणावर. जिन्यातली पोती बघून वरच्या मजल्यावरचे पंपवाले काका खाली आले. या काकांनी सबंध नोकरी पाण्याचे पंप विकण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावर विकायला पंप उरला नाही तेव्हा ते सल्ला देऊ लागले. जगातली कुठलीही अडचण ही मुळात दाबाची अडचण असते, असं त्यांचं ठाम मत. माझी योजना त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, पाणी टरफलातून आपणहून उतरायचं नाही, मागून रेटा हवा. मी म्हटलं, काका, हे निसर्गाचं काम आहे, याला रेटा लागत नाही. काका "बरं" म्हणाले. पण ज्या माणसाला थांबायला वेळ आहे अशा माणसाचं ते "बरं" होतं.

मी एक प्लॅस्टिकचा पिंप आणला, तळाशी तोटी बसवली, आत टरफलं भरली आणि वरून रंगाचं पाणी ओतलं. पहिला प्रयोग निळ्या पाण्यावर, कारण बायकोकडे जुनं निळं पाणी शिल्लक होतं. तोटीतून जे आलं ते निळं नव्हतं. कोऱ्या चहासारखं तांबूस होतं, आणि त्याला ओल्या पोत्याचा वास होता. टरफलांचा स्वतःचाही रंग असतो, ही गोष्ट धड्यात नव्हती. मग टरफलं आधी धुवायला लागलो. एका बादली रंगीत पाण्यासाठी कित्येक बादल्या चांगलं पाणी तांबूस करून गटारात सोडलं. पेशंट आता पिवळसर-तपकिरी पाणी बघून परत जाऊ लागले. डॉक्टर वर आले नाहीत. त्यांनी कंपाउंडरला पाठवून, ड्रेनेज फुटलंय का, एवढंच विचारलं.

पण धुतलेल्या टरफलांनी मात्र चमत्कार केला. वरून निळंशार ओतलं आणि खालून नितळ पाणी आलं. मी ते काचेच्या पेल्यात घेतलं, उजेडात धरलं. बायकोने हातातलं काम टाकून पेला घेतला, निरखून बघितला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, खरंच की." मी तो पेला घेऊन सबंध इमारतीत फिरलो. काकांना दाखवला. डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. खुर्चीतल्या पेशंटला वाटलं की तो चूळ भरायला दिलाय. डॉक्टरांनी वेळेवर काढून घेतला. त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे जरा जास्त वेळ बघितलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि मग आम्ही किरमिजी रंगाचं पाणी ओतलं.

ते जसं गेलं तसंच आलं. वर लाल, खाली लाल. मी टरफलं वाढवली, हलवली, रात्रभर भिजत ठेवली. सकाळी पाणी लालच होतं, फक्त आता त्याला वासही येत होता. शेवटी अभिमान गिळून धड्याच्या लेखकांना फोन लावला. त्यांनी माझं नाव ओळखलं; ‘अवशोषण’ ते विसरले नव्हते. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, सगळे रंग सारखे नसतात. निळ्याचा आणि टरफलाचा विद्युतभार एकमेकांच्या उलट, म्हणून तो ओढला गेला. तुमच्या लालचा आणि टरफलाचा भार सारखा, ती दोघं एकमेकांना ढकलणार. मी विचारलं, हे धड्यात का नाही? ते म्हणाले, होतं. पुढचाच परिच्छेद होता. पान भरतंय म्हणून तुमच्या छापखान्याने गाळला.

मग त्यांनी उपाय सांगितला. टरफलं झाकणबंद डब्यात भाजून त्यांचा कोळसा करायचा. कोळसा भेदभाव करत नाही.

गच्चीवर एक पत्र्याचा पिंप उभा केला, आत टरफलं भरली, झाकण ठोकून बसवलं आणि खाली जाळ केला. टरफलं ओली होती हे माझ्या लक्षात आलं नाही. झाकणाच्या फटीतून आधी पांढरा धूर आला, मग पिवळा, मग असा काही दाट राखाडी की मला माझे हात दिसेनात. मी खोकत कठड्याशी उभा होतो आणि सगळं व्यवस्थित चाललंय असं ओरडून सांगत होतो, पण खालून बघणाऱ्याला धुरातून ओरडणारा माणूस दिसत असणार. काकांनी अग्निशामक दलाला फोन केला. त्यांचाही दोष नाही. तिथे तर पाणी मोठ्या दाबाने मिळतं.

दलाचे जवान कर्तव्यदक्ष निघाले. त्यांनी मला आधी बाजूला केलं आणि मग पिंपावर नळी धरली. झाकण उडालं, पिंप आडवा झाला, आणि काळाकुट्ट चिखल गच्चीवरच्या पाइपातून खाली उतरला. तो कुठे गेला असेल हे आता वाचकांना सांगायला नको. डॉक्टरांच्या गटाराने तोपर्यंत लाल, तपकिरी आणि निळसर अशी पाण्याची बरीच रूपं पाहिली होती, आता काळंही पाहिलं. दलाच्या प्रमुखाने माझी जबानी लिहून घेतली. आग कशाला लागली होती, या प्रश्नाला मी ‘जलशुद्धीला’ असं उत्तर दिलं. त्याने मान वर न करता तसंच लिहिलं.

वाचलेला कोळसा मी धुतला, पिंपात भरला, आणि खरं सांगतो, त्याने काम केलं. थेंब थेंब, जिवावर आल्यासारखं, पण केलं. किरमिजी पाणी आधी गुलाबी आलं, दुसऱ्यांदा ओतल्यावर जवळपास नितळ. बायकोने पुन्हा शेगडी पेटवली. पडद्याचे पट्टे एकेक करून दोरीवर चढू लागले. रंग असा बसला होता की वाळत घातलेलं कापड बघायला समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येत. तेवढे दिवस आमच्या घरात काहीतरी चांगलं चाललं होतं.

मग जबानीचा माग काढत पालिकेचे स्वच्छता निरीक्षक आले. तरुण, नम्र, खांद्याला पिशवी. मी त्यांना तोटीचं पाणी दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, हुंगलं, आणि पाण्याबद्दल आपली काहीही तक्रार नाही असं सांगितलं. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघतोय तोच त्यांनी विचारलं, "आणि हे कुठे टाकणार?"

म्हणजे वापरलेली टरफलं आणि कोळसा. पाण्यातला रंग नाहीसा होत नाही, तो फक्त बिऱ्हाड बदलतो, हे मी स्वतः तपासलेल्या धड्यात होतं, पण त्या वाक्यात एकही चूक नसल्यामुळे माझं लक्ष गेलं नव्हतं. मी म्हटलं, ओल्या कचऱ्यात. ते म्हणाले, रंग आहे, ओल्यात चालणार नाही. सुक्यात? ओला आहे, सुक्यात चालणार नाही. वाळवून? वाळवला तरी रंगाचा कचरा, तो रासायनिक. रासायनिक कचरा पालिका उचलते, पण फक्त नोंदणी झालेल्या कारखान्यांचा. मग आम्ही नोंदणी करतो, मी म्हणालो. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. ही राहती इमारत आहे, ते म्हणाले, इथे कारखान्याची नोंदणी होत नाही. आणि नोंदणी नसताना असा कचरा साठवणं हा गुन्हा आहे. तेव्हा तो लवकर हलवा. कुठे हलवू, असं मी विचारलं. नियमात हलवा एवढंच आहे, कुठे ते नाही, असं सांगून त्यांनी पाणी प्यायलं आणि ते गेले.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी फार बोलणार नाही. घरात टरफलं होती. कोरडी, ओली, निळी, लाल, काळी. पलंगाखालच्या पोत्यांना बुरशी आली. मुंग्यांनी आधी स्वयंपाकघर घेतलं, मग कपाट. सकाळी छापखान्यात जाताना माझ्या बुटातून टरफल निघायचं आणि सहकारी विचारायचे, शेंगा खाता की काय हल्ली. मेहुण्याला फोन केला, परत घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, गिरणीवाला आता फोन उचलत नाही. बायको पोत्यांमधल्या वाटेने अंग आडवं करून जायची आणि पट्टा रंगवायची. उरलेले पट्टे थोडे होते, पण कोळसा गाळ धरू लागला होता आणि तोटीतून पाणी ठिबकेनासं झालं होतं. नाटकाच्या प्रयोगाची तारीख जवळ आली. वापरलेल्या रंगाच्या बादल्या भरून राहिल्या होत्या, नवा रंग करायला भांडं रिकामं नव्हतं.

तेव्हा काका खाली आले. त्यांच्या हातात पंप होता. निवृत्तीच्या वेळी कंपनीने भेट दिलेला, कधीच न वापरलेला. तो त्यांनी पुसून आणला होता.

मी नको म्हणायला हवं होतं. पण मी दमलो होतो, आणि आयुष्यात एकदा तरी आपलं ऐकलं जाईल म्हणून ताटकळलेला म्हातारा माणूस समोर उभा होता. आम्ही पिंपाचं झाकण पक्कं बांधलं, बादल्यांतलं पाणी आत रेटायला नळी जोडली. बायको म्हणाली, "अहो, हळू." काकांनी बटण दाबलं.

पिंप तळातून फाटला. कोळसा, टरफलं, गाळ आणि सगळ्या बादल्यांचं किरमिजी पाणी एका दमात मोरीत गेलं, आणि पाइपात कुठेतरी खाली गुडगुडून थांबलं. आम्ही तिघे ऐकत उभे होतो. चेंबर तुंबलं होतं. आणि तुंबलेलं पाणी दुसरी वाट शोधतं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर असतं.

ती वाट त्याला दवाखान्यात सापडली. डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी चूळ भरायचं जे भांडं असतं, त्यातून. खुर्चीत एक शाळामास्तर होते, दाढ सुन्न केलेली, डॉक्टरांनी नुकताच चिमटा हातात घेतलेला. मास्तरांनी सहज मान वळवली. भांडं खालून भरत होतं, लाल, संथपणे, आणि त्यात काळे तुकडे तरंगत होते. मास्तरांना वाटलं की दाढ आधीच काढून झाली. ते गळ्यातल्या रुमालासकट रस्त्यावर आले आणि तिथून, सुन्न तोंडाने, त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगितलं ते कोणालाच कळलं नाही; पण सगळ्यांना पटलं.

डॉक्टर वर आले. त्यांच्या पांढऱ्या कोटावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत किरमिजी रंग चढला होता. रंग उत्तम बसला होता, एकसारखा, कुठे डाग नाही. त्यांनी दारात उभं राहून माझ्याकडे बघितलं, पंप धरून उभ्या असलेल्या काकांकडे बघितलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, मला खरंच वाईट वाटतंय."

"तुम्हाला कशाला," ती म्हणाली. "कोट द्या इकडे. थंड पाण्यात टाकते, निघतो का बघू."

नाही निघाला. तिचे रंग पक्के असतात.

दुसऱ्या दिवशी तिने नाट्यमंडळाच्या चिटणिसांना बोलावून उरलेलं कापड परत दिलं. रंगवून झालेले पट्टेही दिले, पण काही पट्टे एकाने आणि काही दुसऱ्याने रंगवून चालत नाही. सगळाच पडदा गावाबाहेरच्या मोठ्या रंगाच्या कारखान्यात नव्याने रंगवायला गेला. छापखान्याला जाताना मी नदीवरचा पूल ओलांडतो. त्या आठवड्यात कारखान्याच्या बाजूने येणारं पाणी काठाकाठाने लाल होतं, पार पुलाखालपर्यंत. लोक पुलावरून जात होते. कोणी थांबलं नाही. तिथे दवाखाना नाही.

चिटणीस भला माणूस. त्यांनी पहिल्या प्रयोगाचे पास पाठवले. मला जायचं नव्हतं, पण ही म्हणाली, जाऊ या. तिने चांगले कपडे घातले. बसल्या जागी तिने हात मांडीवर ठेवले होते. नखांच्या कडेला अजून थोडा रंग होता, तो ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पुसत होती. समोर पडदा होता. दिव्यांच्या उजेडात चांगला दिसत होता, मला वाटलं होतं तेवढा वाईट नव्हता. मी तिला काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, आपण पुन्हा सुरू करू, दुसरीकडे जागा बघू, मी चौकशी करतो.

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्याला थंडीत शाल घ्या म्हणावं तशी. मग पडद्याकडे बघून म्हणाली, "फिका आहे. घाईत काढलाय."

तिसरी घंटा झाली. दिवे मालवले, पडदा वर जाऊ लागला, आणि मागचं नेपथ्य दिसल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. नटाने पहिलं वाक्य म्हटलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. ही मान वर करून, पडदा गेला होता तिकडे, अंधारात बघत बसली होती.